संप न करणाऱ्यांची गंगाजळी
अमेरिकेतील लहान अग्निशामक संघटनांचे अर्थकारण

कामगार संघटनेच्या शिलकीचा विषय निघाला की सामान्यतः संपनिधीचा विचार मनात येतो, कारण संपाच्या काळात वेतन थांबते आणि घर चालवण्यासाठी सभासदाला आधार लागतो. परंतु ज्या कामगारांना संप करण्याची कायद्याने मुभाच नाही, त्यांच्या संघटनेने शिल्लक कशासाठी ठेवावी, किती ठेवावी आणि तिच्यावर पहारा कोणी ठेवावा, हे प्रश्न वेगळ्या स्वरूपाचे आहेत आणि त्यांची चर्चा क्वचितच होते. अमेरिकेतील नगरपालिकांच्या सेवेत असलेल्या अग्निशामकांच्या लहान संघटना हे या प्रश्नांचे बोलके उदाहरण आहे. या संघटनांचा जमाखर्च आकाराने एखाद्या गृहनिर्माण संस्थेएवढा असला, तरी त्यांच्यावर येणारी कायदेशीर जबाबदारी मोठ्या संघटनेच्या जबाबदारीहून कमी नसते.

वर्गणीचा प्रवास

अमेरिकेतील अग्निशामकांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्वयंसेवक असतात. उरलेल्या पगारी अग्निशामकांपैकी बहुसंख्य संघटितांची शिखर संघटना म्हणजे २८ फेब्रुवारी १९१८ रोजी वॉशिंग्टन येथे स्थापन झालेली ‘इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ फायर फायटर्स’ होय. अमेरिका व कॅनडा मिळून तिचे सुमारे साडेतीन लाख सभासद असून ते साडेतीन हजारांच्या आसपास स्थानिक शाखांमध्ये विभागलेले आहेत. अशा शाखेला ‘लोकल’ म्हणतात आणि ती क्रमांकाने ओळखली जाते. प्रत्येक लोकलचे स्वतःचे पोटनियम, स्वतःचे निवडून आलेले पदाधिकारी आणि स्वतःचे बँक खाते असते. शहराशी वेतनकरार करण्याची जबाबदारीही तिचीच असते. मोठ्या शहरांतील लोकलमध्ये हजारो सभासद असले, तरी शंभराहून कमी सभासद असलेल्या लोकल अनेक आहेत आणि त्यांचे खजिनदार आगीच्या पाळ्या सांभाळून हिशेब लिहितात.

उत्पन्नाचा मुख्य, आणि बहुधा एकमेव, स्रोत म्हणजे सभासदांची वर्गणी. ती दोन प्रकारे ठरते: दरमहा ठरावीक रक्कम, किंवा मूळ वेतनाचा ठरावीक हिस्सा. पहिल्या पद्धतीत हिशेब सोपा राहतो, पण महागाईबरोबर वर्गणी वाढवायची तर प्रत्येक वेळी सभेत मतदान घ्यावे लागते. दुसऱ्या पद्धतीत वेतनाबरोबर वर्गणी आपोआप वाढते. कोणत्याही पद्धतीने ठरली तरी ती बहुतेक ठिकाणी पगारातून कापली जाते, म्हणजे संघटनेचे उत्पन्न ज्या मालकाशी तिला वाटाघाटी करायच्या त्याच्याच वेतन विभागातून येते. ही सोय कायद्याने काढूनही घेता येते. फ्लोरिडा राज्याने २०२३ मध्ये बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांसाठी पगारातील कपात बंद केली तेव्हा पोलीस व अग्निशामक यांना वगळले, पण हा अपवाद विधिमंडळाच्या मर्जीवर टिकून आहे.

जमा झालेली सगळी वर्गणी लोकलकडे राहत नाही. तिचा मोठा वाटा सभासदसंख्येच्या हिशेबाने शिखर संघटनेला व राज्य महासंघाला पाठवला जातो. या दरडोई हप्त्याकडे स्थानिक सभासद कधी कधी नाराजीने पाहतात, परंतु आर्थिकदृष्ट्या तो काही अंशी विम्याचा हप्ता असतो, कारण त्यातूनच तज्ज्ञांचा सल्ला, वाटाघाटींसाठी लागणारी आकडेवारी आणि काही खटल्यांत मदत मिळते, ज्या गोष्टी लहान लोकलला स्वबळावर परवडत नाहीत.

वर्गणी देणाऱ्यांच्या संख्येबाबतही अनिश्चितता आहे. ‘अबूड’ खटल्याच्या १९७७ च्या निकालानुसार, संघटनेचा सभासद नसलेल्या पण तिच्या करारामुळे लाभ घेणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याकडून वाटाघाटींच्या खर्चापुरते शुल्क घेता येत असे. २७ जून २०१८ रोजी ‘जेनस’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा निकाल रद्द ठरवला आणि असे शुल्क घटनाविरोधी मानले. मात्र न्याय्य प्रतिनिधित्वाचे कर्तव्य, म्हणजे वाटाघाटीच्या कक्षेतील प्रत्येक कर्मचाऱ्याची बाजू तो सभासद असो वा नसो प्रामाणिकपणे मांडण्याची जबाबदारी, तशीच राहिली. परिणामी काही जणांचा खर्च करावा लागतो पण त्यांच्याकडून वर्गणी येत नाही, अशी स्थिती निर्माण होऊ शकते. पन्नास-साठ जणांच्या लोकलमध्ये असे पाच-सहा जणही अंदाजपत्रक विस्कटण्यास पुरेसे ठरतात.

संपाच्या जागी लवाद

१९३५ चा राष्ट्रीय कामगार संबंध कायदा राज्ये व नगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांना लागू होत नाही, त्यामुळे अग्निशामकांचे हक्क राज्यागणिक बदलतात. उत्तर कॅरोलिनात सरकारी संस्थांना कामगार संघटनांशी करार करण्यास १९५९ पासून बंदी आहे. पेनसिल्व्हेनियात १९६८ पासून पोलीस व अग्निशामकांना वाटाघाटींचा हक्क आहे आणि त्या फसल्यास बंधनकारक लवादाची सोय आहे. संप मात्र बहुतेक ठिकाणी बेकायदेशीर मानला जातो. अपवादात्मक संप झालेही आहेत, जसे शिकागोच्या अग्निशामकांनी फेब्रुवारी १९८० मध्ये केलेला २३ दिवसांचा संप. पण नियम म्हणून संघर्षाचे क्षेत्र रस्त्यावरून लवादाच्या खोलीत गेले आहे.

लवाद दोन प्रकारचे असतात आणि खर्चाच्या दृष्टीने त्यांतील फरक महत्त्वाचा आहे. पहिला तक्रारीचा लवाद: अस्तित्वात असलेल्या कराराचा भंग झाला, उदाहरणार्थ एखाद्या जवानाला अयोग्य रीतीने बडतर्फ केले, तर त्रयस्थ लवाद पुरावा ऐकून निर्णय देतो. दुसरा हितसंबंधांचा लवाद: नवा करारच जमत नसेल तर वेतन, पाळ्या, मनुष्यबळ या अटी लवाद ठरवतो, आणि त्यासाठी इतर शहरांतील वेतनाची तुलना, शहराची देण्याची क्षमता व निवृत्तिवेतनाचा भार यांचे पुरावे मांडावे लागतात. लवादाचे शुल्क दिवसाला हजार डॉलरहून अधिक असणे सर्वसामान्य आहे आणि बहुतेक करारांनुसार ते दोन्ही पक्ष निम्मे-निम्मे वाटून घेतात. त्याशिवाय वकील, लघुलेखक आणि आर्थिक तज्ज्ञ यांचा खर्च स्वतंत्र असतो. शहराचा वकील व शहराचा हिशेबनीस पगारावरच असतात, तर लोकलला दोघांनाही प्रत्येक तासाचे पैसे मोजावे लागतात. म्हणूनच संप करू न शकणाऱ्या संघटनेची गंगाजळी म्हणजे मुख्यतः तिची वादशक्ती असते.

संकटाचे गणित

लहान संघटनेची अडचण समजण्यासाठी एक काल्पनिक लोकल विचारात घेता येईल, जिच्यातील सर्व आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी गृहीत धरले आहेत. तिचे ६० सभासद असून प्रत्येक जण दरमहा ६० डॉलर देतो, म्हणजे वार्षिक जमा ४३,२०० डॉलर होते. वरच्या संघटनांना दरडोई दरमहा २५ डॉलर प्रमाणे १८,००० डॉलर जातात आणि २५,२०० उरतात. हिशेबनीस, विमा, सभा, पदाधिकाऱ्यांचे अल्प मानधन आणि दिवंगत सभासदांच्या कुटुंबांना मदत यांवर १०,२०० डॉलर खर्च होतात. शिखर संघटनेचे अधिवेशन दर दोन वर्षांनी भरते, त्यासाठी दरवर्षी ३,००० डॉलर बाजूला काढावे लागतात; दर तीन वर्षांनी होणाऱ्या वेतनकराराचा खर्च १८,००० डॉलर धरल्यास त्यासाठी वर्षाला ६,००० डॉलर लागतात. या सर्वांनंतर शिल्लक राहतात ६,००० डॉलर.

आता मंदी येते आणि शहर १२ जागा कमी करते. वर्गणी ८,६४० डॉलरने घटते. दरडोई हप्ता ३,६०० डॉलरने कमी होत असल्यामुळे निव्वळ घट ५,०४० डॉलरची होते आणि वार्षिक शिल्लक ९६० डॉलरवर येते. त्याच वर्षी कपातीविरुद्ध लवादात जावे लागले आणि त्याला ३०,००० डॉलर लागले, तर तूट २९,०४० डॉलरची होईल, जी सुस्थितीतील जवळजवळ पाच वर्षांच्या बचतीएवढी आहे.

या उदाहरणातील निर्णायक बाब रकमांमध्ये नसून त्यांच्या एकाच वेळी येण्यात आहे. नोकरकपात हीच उत्पन्न घटण्याचे आणि खर्च वाढण्याचे कारण असते, त्यामुळे दोन्ही आघात एकमेकांना भरून काढत नाहीत, उलट एकत्र येतात. सहा हजार सभासदांच्या संघटनेत दरवर्षी काही लवाद होतच असतात, म्हणून तो नियमित खर्च बनतो आणि त्याचा अंदाज बांधता येतो. साठ सभासदांच्या संघटनेत अनेक वर्षे एकही लवाद होत नाही आणि मग एका वर्षात होणारा लवाद संपूर्ण तिजोरी रिकामी करतो. संख्या मोठी असली की जोखीम सरासरीत विरघळते, लहान असली की ती गठ्ठ्याने अंगावर येते.

व्हॅलेहोचा धडा

हे गणित प्रत्यक्षात कसे उतरते याचा दाखला कॅलिफोर्नियातील व्हॅलेहो या सुमारे सव्वा लाख वस्तीच्या शहरात मिळतो. घरबांधणी क्षेत्र कोसळल्यामुळे महसूल घटला असताना शहराच्या सर्वसाधारण निधीचा फार मोठा भाग पोलीस व अग्निशमन सेवेवर खर्च होत होता, आणि मे २००८ मध्ये शहराने अमेरिकी दिवाळखोरी कायद्याच्या नवव्या प्रकरणाखाली, म्हणजे नगरपालिकांसाठी असलेल्या तरतुदीखाली, अर्ज केला. पोलिसांची संघटना, विद्युत कामगारांची संघटना आणि अग्निशामकांची लोकल क्रमांक ११८६ यांनी या अर्जाला हरकत घेतली. शहराच्या इतर निधींमध्ये वापरण्याजोगा पैसा आहे आणि म्हणून शहर खऱ्या अर्थाने दिवाळखोर नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि तो मांडण्यासाठी नगरपालिकेच्या हिशेबांची छाननी करणाऱ्या तज्ज्ञाची साक्ष आवश्यक होती.

सप्टेंबर २००८ मध्ये न्यायालयाने शहराला दिवाळखोरीसाठी पात्र ठरवले. पुढे पोलीस संघटनेने तडजोड केली. अग्निशामक व विद्युत कामगार लढत राहिले. नवव्या प्रकरणाखाली शहराला कामगार करार फेटाळता येतो, असे मार्च २००९ मध्ये न्यायाधीशांनी ठरवले आणि पात्रतेविरुद्धचे अपीलही त्याच वर्षी अपयशी ठरले. यथावकाश अग्निशामकांनीही तडजोड केली, तर २०१० मध्ये मतदारांनी शहराच्या सनदेतील बंधनकारक लवादाची तरतूद काढून टाकली. दिवाळखोरीचा खटला, अपील, वाटाघाटी आणि मतदान अशा चार आघाड्यांना एका शहराच्या अग्निशामकांच्या संघटनेला दोन-तीन वर्षांत तोंड द्यावे लागले, आणि त्यातील एकही आघाडी वेतनकराराच्या नेहमीच्या अंदाजपत्रकात बसणारी नव्हती.

मतदानाची आघाडी किती मोठी असू शकते हे ओहायो राज्याने दाखवले. तेथे २०११ मध्ये अग्निशामकांसह सर्व सरकारी कर्मचाऱ्यांच्या वाटाघाटींच्या हक्कांवर मर्यादा घालणारा कायदा संमत झाला आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला सुमारे ६१ टक्के मतदारांनी तो सार्वमताने रद्द केला. शेजारच्या मिशिगनपलीकडील विस्कॉन्सिन राज्यात त्याच वर्षी आलेल्या तशाच कायद्यातून पोलीस व अग्निशामक वगळले गेले होते. एकाच वर्षी दोन राज्यांत एकाच व्यवसायाची स्थिती इतकी भिन्न होऊ शकते, म्हणून पुढील संकट कोणत्या रूपात येईल हे गृहीत धरून गंगाजळी बांधता येत नाही.

तिजोरीचे कप्पे

लोकलच्या ताब्यात असलेला प्रत्येक डॉलर तिच्या गंगाजळीचा नसतो. अमेरिकी महसूल संहितेच्या कलम ५०१ (सी) (५) नुसार कामगार संघटनेला प्राप्तिकरातून सूट आहे, परंतु तिला दिलेली देणगी दात्याच्या करातून वजा होत नाही. ती सवलत धर्मादाय संस्थांना कलम ५०१ (सी) (३) खाली मिळते. अग्निशामक १९५४ पासून स्नायूंच्या आजारांवर काम करणाऱ्या ‘मस्क्युलर डिस्ट्रॉफी असोसिएशन’साठी रस्त्यावर आपले बूट पुढे करून देणग्या गोळा करतात. तो पैसा जनतेने रुग्णांसाठी दिलेला असतो आणि संघटनेच्या खात्यात क्षणभरही मिसळता कामा नये. म्हणून स्थानिक दानधर्म करणाऱ्या अनेक लोकल त्यासाठी स्वतंत्र धर्मादाय संस्था नोंदवतात.

राजकीय निधीचा कप्पाही वेगळा असतो. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्यापासून संघराज्य पातळीवरील निवडणुकीत संघटनेच्या वर्गणीतून उमेदवाराला पैसा देण्यास बंदी आहे. त्यासाठी सभासदांनी स्वेच्छेने दिलेल्या वेगळ्या निधीचा वापर करावा लागतो. शेवटचा कप्पा मृत्युसाहाय्याचा असतो आणि तो सर्वांत फसवा असतो. प्रत्येक दिवंगत सभासदाच्या वारसाला ठरावीक रक्कम देण्याचे वचन पोटनियमांत घालणे सोपे असते, पण सभासद वयस्क होत गेले की हे वचन प्रत्यक्षात विमा योजना बनते आणि तिच्यासाठी विमागणिती तरतूद नसेल तर सर्वसाधारण गंगाजळी तिच्यात ओढली जाते.

निधीचे असे विभाजन भारतीय वाचकाला अपरिचित नाही. १९२६ च्या भारतीय कामगार संघटना कायद्याने सर्वसाधारण निधी कोणत्या कारणांसाठी खर्च करता येईल याची यादी दिली आणि राजकीय कामासाठी स्वेच्छेच्या वर्गणीतून स्वतंत्र निधी ठेवण्याची तरतूद केली. या तरतुदी पुढे २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत सामावल्या गेल्या. १९२६ च्या कायद्यामागे निधीच्या सुरक्षिततेचाच प्रश्न होता. इंग्लंडमध्ये १९०१ च्या ‘टाफ व्हेल’ निकालामुळे रेल्वे कामगारांच्या संघटनेला संपाबद्दल २३,००० पौंड भरपाई द्यावी लागली होती आणि १९०६ च्या कायद्याने तो धोका दूर करावा लागला. भारतात १९१८ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास लेबर युनियनच्या नेत्यांवर बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांनी दावा दाखल करून मनाई हुकूम मिळवला, तेव्हा नारायण मल्हार जोशी यांनी १९२१ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात संघटनांच्या संरक्षणाचा ठराव मांडला. त्याआधी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी उभ्या केलेल्या गिरणी कामगारांच्या संघटनेकडे सभासदांची नोंदवही, निधी आणि नियम यांपैकी काहीच नव्हते, आणि लोखंडे यांच्या निधनानंतर ती टिकली नाही.

पहारा कोणाचा

अमेरिकेत संघटनांच्या हिशेबांवर देखरेख ठेवणारा १९५९ चा लँड्रम-ग्रिफिन कायदा बराच कडक आहे. वार्षिक जमेच्या प्रमाणात कामगार खात्याकडे विवरणपत्र भरणे, निधी हाताळणाऱ्यांचा त्या निधीच्या किमान दहा टक्क्यांचा हमीविमा उतरवणे आणि अपहार केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास, अशा त्यातील तरतुदी आहेत. परंतु फक्त राज्य वा नगरपालिका कर्मचाऱ्यांच्या संघटना या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. शिखर संघटनेच्या काही शाखांत खासगी क्षेत्रातील कर्मचारी असल्यामुळे तिला हा कायदा लागू होतो, पण एखाद्या गावातील केवळ नगरपालिकेच्या अग्निशामकांच्या लोकलला तो लागू होत नाही. जिथे पैसे हाताळणारी माणसे थोडी, परस्परांवर विश्वास गाढ आणि हिशेबाचे प्रशिक्षण जवळजवळ शून्य, नेमक्या तिथेच कायद्याचा पहारा सैल आहे.

उरतो तो महसूल खात्याचा. वार्षिक जमा सामान्यतः ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर केवळ एक छोटी इलेक्ट्रॉनिक सूचना द्यावी लागते. त्याहून अधिक असेल तर ९९० क्रमांकाच्या विवरणपत्राचा संक्षिप्त किंवा पूर्ण नमुना भरावा लागतो, आणि तो कोणालाही पाहता येतो. सलग तीन वर्षे हे राहून गेले तर करसवलत आपोआप रद्द होते. जून २०११ मध्ये महसूल खात्याने अशा सुमारे पावणेतीन लाख संस्थांची पहिली यादी जाहीर केली. खजिनदार बदलला आणि नव्याला हे विवरणपत्र माहीतच नव्हते, एवढ्या साध्या कारणानेही लहान संघटना या फेऱ्यात सापडू शकते.

त्यामुळे खरा पहारा सभासदांनीच ठेवायचा असतो. प्रत्येक धनादेशावर दोन सह्या, बँकेचे मासिक विवरण खजिनदाराखेरीज दुसऱ्या पदाधिकाऱ्याकडे थेट जाणे, निवडलेल्या विश्वस्तांकडून वर्षातून किमान एकदा हिशेब तपासणी आणि कायद्याची सक्ती नसतानाही हमीविमा, हे उपाय स्वस्त आहेत. गंगाजळी ठेवण्याच्या जागेबाबतही साधेपणा हितकर ठरतो. बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे अडीच लाख डॉलरपर्यंत संघराज्याचे विमासंरक्षण असल्याने लहान लोकलची संपूर्ण शिल्लक बचत खाते व मुदत ठेवी यांत सुरक्षित राहू शकते. मंदीत शेअर बाजार पडतो, शहराचा महसूल आटतो आणि लवादही तेव्हाच सुरू होतो; म्हणून ज्या पैशाची गरज मंदीतच लागणार तो बाजारात गुंतवणे सयुक्तिक नाही.

किती असावी

ना-नफा संस्थांसाठी तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक हा प्रचलित निकष आहे. वर गृहीत धरलेल्या लोकलचा वरच्या संघटनांच्या हप्त्यासह नियमित खर्च वर्षाला २८,२०० डॉलर आहे, म्हणजे सहा महिन्यांची शिल्लक १४,१०० डॉलर होईल. संकटाच्या वर्षातील तूट याच्या दुपटीहून अधिक आहे. महिन्यांचा निकष दैनंदिन कारभार चालू ठेवण्यापुरता उपयोगी आहे. लहान संघटनेला त्याच्या जोडीला घटनेचा निकष, म्हणजे आपल्या राज्याच्या कायद्यात संभवणारा एक पूर्ण लवाद शेवटपर्यंत लढवण्याचा खर्च, मोजावा लागतो.

याच्या पलीकडे शिल्लक वाढवत नेण्यातही शहाणपण नाही. उद्दिष्टाविना साठलेला पैसा अपहाराचा मोह वाढवतो, वर्गणी कमी करण्याची रास्त मागणी निर्माण करतो आणि समारंभ व प्रवास यांवर हळूहळू खर्च होतो. पुरेशी गंगाजळी मात्र खर्च न होताही काम करते, कारण लढण्याची ऐपत असलेल्या संघटनेशी मालक लवादाआधीच तडजोड करण्याचा विचार करतो. म्हणून तिचे उद्दिष्ट आकड्यात ठरवणे, ते सर्वसाधारण सभेच्या ठरावाने नोंदवणे आणि कोणत्या प्रसंगी, किती मतांनी तिला हात लावता येईल हे पोटनियमांत लिहिणे आवश्यक आहे. कोणत्याही लहान संघटनेच्या सभासदाने, मग ती अग्निशामकांची असो वा अन्य कोणाची, वार्षिक सभेत तीन प्रश्न विचारावेत: शिल्लक किती आहे, ती कशासाठी आहे आणि ती गेल्या वर्षी कोणी तपासली. ज्या सभेत या तिन्हींची उत्तरे कागदावर मिळत नाहीत, तेथे ताळेबंदातील शिलकीवर विसंबून राहू नये.